नक्कल पेप्टाइडांची, परीक्षा पाण्याची

मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिन द्यायचे तर सुई टोचावी लागते. टोरांटो येथे १९२२ च्या जानेवारीत एका मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. त्याला शंभराहून अधिक वर्षे लोटली, इन्सुलिन शुद्ध झाले, त्याचे नवनवे प्रकार आले, सुई बारीक झाली; पण सर्रास वापरता येईल अशी इन्सुलिनची गोळी काही आली नाही. याचे एक मोठे कारण अगदी साधे आहे. इन्सुलिन म्हणजे ५१ अमिनो आम्लांचे लहानसे प्रथिन, आणि जठराच्या दृष्टीने इन्सुलिन व वाटीभर वरणातील प्रथिन यांत काहीही भेद नाही. दोन्ही पचवायचीच असतात.

अमिनो आम्लांच्या लहान साखळीला पेप्टाइड म्हणतात. साखळी लांबली आणि तिला ठरावीक घडी बसली की आपण तिला प्रथिन म्हणू लागतो. शरीरातील कितीतरी संप्रेरके, वेदनेचे व भुकेचे निरोप पोहोचवणारे रेणू, जंतूंशी लढणारी संयुगे ही सारी पेप्टाइडेच होत. ती अत्यंत नेमकी असतात, म्हणून औषध म्हणून हवीहवीशी वाटतात. पण ती टिकत नाहीत. जेवणानंतर आतड्यातून स्रवणारे आणि इन्सुलिनला चालना देणारे जीएलपी-१ हे संप्रेरक रक्तात जेमतेम दोन मिनिटांत निम्मे होते. दोष पेप्टाइड बंधाचा नव्हे. उदासीन पाण्यात साध्या तापमानाला ठेवलेल्या अशा बंधांपैकी निम्मे आपोआप तुटायला काही शतके लागतील, इतका तो चिवट असतो. त्याला तोडतात ते पेप्सिन, ट्रिप्सिन यांसारखे विकर, म्हणजेच एन्झाइम. ही कात्री अमिनो आम्लांच्या साखळीचा कणा ओळखते, त्याला आपल्या खाचेत बसवते आणि क्षणार्धात कापते.

मग कणाच बदलला तर? कात्रीला तो पकडता येणार नाही. पेप्टाइडांची कृत्रिम नक्कल करण्यामागची मूळ कल्पना एवढीच आहे. मात्र नक्कल उपयोगी पडायची असेल तर तिने मूळ पेप्टाइडासारखे दिसलेही पाहिजे. पेशीवरील ग्राही रेणूला पेप्टाइडाच्या कण्याशी फारसे देणेघेणे नसते. त्याला जाणवतात त्या कण्यातून बाहेर निघालेल्या शाखा. भिंतीवर खुंट्या ठोकलेली फळी असावी तसे हे आहे. फळी सागाची की आंब्याची हा प्रश्न नाही, खुंट्या योग्य अंतरावर आणि योग्य दिशेला हव्यात. पण पेप्टाइडाची फळी लाकडासारखी ताठ नसते, ती दोरीसारखी लवचीक असते. तिला ठरावीक घडी बसली तरच खुंट्या जागच्या जागी येतात. ही घडी बसायची असते पाण्यात, कारण शरीरात रेणूंना पाण्यावाचून सुटका नाही. आणि पाणी हे घडीचे फार मोठे वैरी आहे.

कागदाची घडी आणि पाण्याची घुसखोरी

प्रथिनांच्या रचनेतील सर्वांत प्रसिद्ध घडी म्हणजे अल्फा मळसूत्र. लायनस पॉलिंग १९४८ साली ऑक्सफर्डला असताना सर्दीने अंथरुणाला खिळले होते. वेळ जात नाही म्हणून त्यांनी कागदावर पेप्टाइडाची साखळी काढली आणि कागदच दुमडून पाहिला. त्या खेळातून सुचलेली रचना त्यांनी रॉबर्ट कोरी आणि हर्मन ब्रॅन्सन यांच्यासह १९५१ मध्ये प्रसिद्ध केली. या मळसूत्राच्या एका वेढ्यात ३.६ अमिनो आम्ले येतात आणि एक वेढा ५.४ अँगस्ट्रॉम उंचीचा असतो. साखळीतील एका कडीवरचा ऑक्सिजन चार कड्या पुढच्या नायट्रोजनवरील हायड्रोजनला ओढून धरतो. असे हायड्रोजन बंध एकापुढे एक जुळत जातात व मळसूत्र उभे राहते.

चित्र मोहक आहे आणि खरेही आहे, परंतु त्यात पाणी दाखवलेले नाही. पाण्याचा प्रत्येक रेणू स्वतः हायड्रोजन बंध देऊ शकतो व घेऊही शकतो. साखळीतील ऑक्सिजनला साखळीतलाच हायड्रोजन पकडण्याची गरज काय? शेजारी उभा असलेला पाण्याचा रेणू तितकाच चांगला जोडीदार आहे, आणि असे जोडीदार अगणित आहेत. प्रयोगशाळेत सामान्यतः वापरले जाते तसे, लिटरमागे एक मिलिमोल पेप्टाइड असलेले द्रावण घेतले, तर पेप्टाइडाच्या एका रेणूमागे पाण्याचे सुमारे ५५ हजार रेणू असतात.

याचा रोखठोक पुरावा १९६२ साली अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे अर्विंग क्लोट्झ आणि त्यांचे सहकारी फ्रँझेन यांनी दिला. त्यांनी एन-मेथिल अ‍ॅसिटामाइड नावाचा छोटा रेणू घेतला. हा रेणू म्हणजे पेप्टाइड बंधाचा एकच सुटा तुकडा समजावा. कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये हे रेणू एकमेकांशी हायड्रोजन बंधाने सहज जोड्या जमवतात. पाण्यात मात्र त्यांच्या जोड्या जवळजवळ जमतच नाहीत. म्हणजे मळसूत्राला उभे ठेवणारा मानला गेलेला बंध पाण्यात आपल्या बळावर फारसा काही साधत नाही. साखळी मोकळी असताना तिला असलेले हजार तऱ्हांनी वळण्याचे स्वातंत्र्य घडी बसताच संपते, त्याचीही किंमत मोजावी लागते. हिशेब तोट्यात जाण्याचीच शक्यता अधिक.

तरीही आपली प्रथिने पाण्यात घड्या टिकवून असतात, कारण तेच पाणी त्यांना दुसऱ्या बाजूने मदत करते. कटाच्या आमटीवर तवंग असतो, त्यातील तेलाचे लहान ठिपके हळूहळू एकत्र येऊन मोठे होतात. तेलाच्या कणांना परस्परांचे फार प्रेम असते म्हणून हे घडत नाही. तेलाभोवती पाण्याच्या रेणूंना आपली रचना अवघडून बदलावी लागते आणि तेल एकत्र आले की हा अवघडलेपणा कमी होतो. प्रथिनातील तेलकट, जलविरोधी शाखा याच कारणाने आत वळतात व गाभा तयार होतो. वॉल्टर कॉझमन यांनी १९५९ मध्ये हा परिणाम प्रथिनांच्या घडीमागचे प्रमुख बळ म्हणून मांडला. लहान पेप्टाइडाची अडचण येथेच आहे. दहा-बारा कड्यांच्या साखळीला गाभा असणार कुठून? म्हणूनच निसर्गातील बरीच लहान पेप्टाइडे पाण्यात एका आकारात राहत नाहीत, सतत वळवळत असतात.

एक कार्बन जास्त

या पार्श्वभूमीवर १९९६ साली जे घडले त्याचे आश्चर्य समजू शकेल. निसर्गातील प्रथिनांत वापरल्या जाणाऱ्या अमिनो आम्लांत अमिनो गट आणि आम्लगट यांच्यामध्ये एक कार्बन असतो. या मधल्या जागेत आणखी एक कार्बन घातला की बीटा अमिनो आम्ल तयार होते. ही आम्ले निसर्गाला अगदीच परकी नाहीत. बीटा अ‍ॅलॅनिन आपल्या स्नायूंतील कार्नोसिनमध्ये असते. परंतु त्यांची लांब साखळी म्हणजे रसायनशास्त्रज्ञांच्या दृष्टीने नायलॉनचाच एक प्रकार. शिवाय साधा तर्क असा होता की एक कार्बन वाढला म्हणजे साखळीत वळण्याची एक जागा वाढली, म्हणून ती अधिक ढिली, अधिक विस्कळीत असणार.

येथे मद्रास विद्यापीठातील गो. ना. रामचंद्रन यांची आठवण होते. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी १९६३ मध्ये दाखवले की नेहमीच्या अमिनो आम्लाच्या प्रत्येक कडीचा आकार दोन कोनांनी सांगता येतो आणि त्या दोन कोनांच्या आलेखावर फार थोडा प्रदेश शक्य कोटीतला असतो. बाकी ठिकाणी अणू एकमेकांवर आदळतात. हा 'रामचंद्रन आलेख' आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. बीटा अमिनो आम्लाला दोन कोन पुरत नाहीत, तिसरा लागतो. कागदावर मावणारा नकाशा आता खोलीभर पसरतो. एवढ्या मोकळ्या जागेत साखळी एका कोपऱ्यात स्थिर राहील, असे कोणी का मानावे?

झुरिच येथील ईटीएच या संस्थेतील डीटर झेबाख आणि अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे सॅम्युएल गेलमन यांच्या गटांनी त्या एकाच वर्षी स्वतंत्रपणे दाखवले की, केवळ सहा बीटा कड्यांची साखळी सुबक मळसूत्र बनवते. नेहमीच्या पेप्टाइडांना एवढ्या कमी लांबीत हे सहसा जमत नाही. हे मळसूत्र पॉलिंगच्या मळसूत्राची प्रतिकृतीही नव्हते. त्याच्या एका वेढ्यात सुमारे तीन कड्या होत्या. हायड्रोजन बंधामुळे बंद होणाऱ्या कड्यात १४ अणू येत होते, अल्फा मळसूत्रात १३ येतात. बंधांची दिशाही उलटी होती. झेबाख यांच्या साखळीतील मळसूत्र तर डाव्या हाताचे होते. झेबाख यांच्या गटाने आपले पेप्टाइड पेप्सिनमध्ये सोडून पाहिले आणि ते शाबूत राहिले. निसर्गाने न वापरलेल्या कण्यालाही नेमकी घडी बसू शकते हे यावरून स्पष्ट झाले. अशा घडी घेणाऱ्या कृत्रिम साखळ्यांना गेलमन यांनी 'फोल्डामर' असे नाव दिले, ते रूढ झाले आहे.

येथवरची हकीकत वृत्तपत्रांना आवडेल अशी आहे. पण मेख अशी की, हे सारे निरीक्षण मुख्यतः मेथॅनॉल, पिरिडिन अशा द्रावकांत किंवा स्फटिकांत झालेले होते. मेथॅनॉलही हायड्रोजन बंध करते, परंतु पाण्याइतक्या नेटाने साखळीचे बंध पळवत नाही. निसर्गातल्यासारख्याच शाखा लावलेली लहान बीटा पेप्टाइडे मेथॅनॉलमधून पाण्यात आणली की त्यांची मळसूत्रे बव्हंशी सैल पडत. कात्रीपासून बचावलेला रेणू पाण्यात मात्र बेढब होत होता. औषधाचा विचार करणाऱ्याच्या दृष्टीने हा मोठाच अडथळा, कारण आपल्या नसांतून मेथॅनॉल वाहत नाही.

आकार दिसतो कसा?

मुळात एवढ्याशा रेणूचा द्रावणातील आकार कळतो कसा, हा प्रश्न वाचकाला पडला असेल. सर्वांत सोपी पद्धत सर्क्युलर डायक्रॉइझमची. प्रकाशलहरी डावीकडे वा उजवीकडे फिरत जातील अशा बनवता येतात, आणि मळसूत्रासारखा हाताळा असलेला रेणू या दोन प्रकारांना सारखे शोषत नाही. अल्फा मळसूत्राची खूण २०८ आणि २२२ नॅनोमीटरला दिसते. बीटा पेप्टाइडाच्या १४ अणूंच्या मळसूत्राची साधारण २१५ नॅनोमीटरच्या आसपास. काम काही मिनिटांचे आहे, म्हणून ते सगळेच करतात. पण त्यावर फार विसंबणे धोक्याचे ठरते. झेबाख यांच्याच संस्थेतील विल्फ्रेड व्हान गुन्स्टरेन यांच्या गटाने २००२ मध्ये नेमका हाच प्रश्न उपस्थित केला होता: अशा आलेखावरून बीटा पेप्टाइडाचा आकार खरोखर ठरवता येतो का? एकाच रेणूचे अनेक आकार मिळून जी सरासरी बनते तिचा आलेख एखाद्या निश्चित रचनेच्या आलेखासारखा दिसू शकतो.

एनएमआर अधिक विश्वासार्ह आहे. साखळीत दूरदूर असलेले दोन हायड्रोजन घडीमुळे एकमेकांजवळ आले तर त्यांचे चुंबकीय संकेत परस्परांवर परिणाम करतात, आणि अशा अनेक जोड्यांवरून रचना बांधता येते. पाण्यात हे काम किचकट होते. पाण्याच्या स्वतःच्या हायड्रोजनचा संकेत इतका प्रचंड असतो की त्यापुढे पेप्टाइडाची कुजबुज ऐकू येण्यासाठी तो दाबून टाकावा लागतो. तिसरा मार्ग संगणकाचा. व्हान गुन्स्टरेन, झेबाख आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये सात कड्यांच्या बीटा पेप्टाइडाची मेथॅनॉलमधील हालचाल ५० नॅनोसेकंदांपर्यंत अणूअणूने गणली. साखळी उलगडत होती, पुन्हा आपणहून मळसूत्रात वळत होती. उलगडलेल्या अवस्थेतही ती अमर्याद आकार घेत नव्हती, तुलनेने थोड्याच आकारांत फिरत होती. घडी इतक्या लवकर कशी सापडते याचे उत्तर बहुधा यातच आहे. हा प्रयोगही मेथॅनॉलमधलाच, हे लक्षात ठेवावे.

पाण्यात उभे राहण्याच्या तीन वाटा

पाण्याशी सामना करण्याचा पहिला मार्ग गेलमन यांच्या रेणूंतच दडलेला होता. त्यांनी बीटा अमिनो आम्लातील दोन मधले कार्बन सहा कार्बनांच्या वलयात अडकवले होते. वलयामुळे तो तिसरा, डोकेदुखीचा कोन जवळपास पक्का होतो. वळण्याचे स्वातंत्र्य आधीच काढून घेतले, म्हणजे घडी बसताना गमावण्यासारखे फारसे उरत नाही. साखळी पाण्यात विरघळावी यासाठी काही वलयांवर अमिनो गट लावले, आणि १९९९ मध्ये गेलमन यांच्या गटाने सहा कड्यांचे मळसूत्र पाण्यात टिकवून दाखवले. वलय पाच अणूंचे घेतले तर १२ अणूंच्या कड्याचे वेगळेच मळसूत्र बनते. पुढच्याच वर्षी तेही पाण्यात साधले. वलयाचा आकार बदलून मळसूत्राचा प्रकार निवडता येतो, ही सोय निसर्गाच्या वीस अमिनो आम्लांत नाही.

दुसरा मार्ग विद्युतभारांचा. १४ अणूंच्या मळसूत्रात एका वेढ्यात तीन कड्या असल्याने पहिली, चौथी, सातवी अशा कड्या एकाच बाजूला एकावर एक येतात. त्यांच्यावर आळीपाळीने धन आणि ऋण भार असलेल्या शाखा लावल्या तर त्या एकमेकींना ओढतात व मळसूत्र जणू टाके घातल्यासारखे बांधले जाते. झेबाख यांच्या गटाने आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील विल्यम डिग्रॅडो यांच्या गटाने २००१ मध्ये हा उपाय यशस्वी केला. याची मर्यादाही उघड आहे. द्रावणात मीठ वाढले की ही ओढ क्षीण होते, आणि आम्लता बदलली की भारच नाहीसे होऊ शकतात. जठर आणि रक्त यांच्या आम्लतेत केवढी तफावत असते, हे सांगायला नकोच.

तिसरा मार्ग मला सर्वांत मनोवेधक वाटतो, कारण तो प्रथिनांच्या स्वतःच्या युक्तीकडे परत जातो. लहान साखळीला गाभा नसतो हे खरे, पण अनेक साखळ्यांनी मिळून एक गाभा बनवायला काय हरकत आहे? येल विद्यापीठात असताना अ‍ॅलाना शेपार्ट्झ यांच्या गटाने बारा कड्यांचे एक बीटा पेप्टाइड रचले. मळसूत्राला तीन बाजू आहेत असे समजा. एका बाजूला सर्व तेलकट ल्युसिन शाखा, दुसऱ्या बाजूला ऋणभारित, तिसऱ्या बाजूला धनभारित. पाण्यात हा रेणू एकटा असताना त्याची घडी सैलच असते. द्रावण पुरेसे दाट झाले की आठ रेणू एकत्र येतात, आपल्या तेलकट बाजू आत वळवतात आणि त्याच क्षणी त्यांची मळसूत्रे घट्ट होतात. २००७ मध्ये या जुडग्याची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली. चार-चार मळसूत्रांच्या दोन ओंजळी एकमेकींत अडकवाव्यात तसे ते दिसते आणि मध्ये पाण्याला मज्जाव केलेला ल्युसिनचा गाभा असतो. निसर्गातील प्रथिनाचा एकही अंश नसलेली ही वस्तू प्रथिनासारखी वागते. पाणी येथे शत्रू राहिलेले नाही, जुडगे बांधणारा हात तेच आहे.

पळवण्यासारखे काही नसेल तर

याहून वेगळी वाट पेप्टॉइडांची. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातील कायरॉन कंपनीत रॉन झुकरमन आणि सहकाऱ्यांनी शाखा कार्बनवरून उचलून नायट्रोजनवर बसवली. एवढ्या बदलाने कात्री निष्प्रभ होते. शिवाय नायट्रोजनवर हायड्रोजन उरतच नाही, म्हणून कण्याला आपल्याआपल्यात हायड्रोजन बंध करताच येत नाहीत. अशा साखळीला घडी बसेल ही आशा कोण धरील? पण नायट्रोजनवरील शाखा जाडजूड व एकाच हाताची निवडली की तिला दाटीवाटीमुळे मळसूत्रात वळण्यावाचून गत्यंतर राहत नाही. झुकरमन, केंट किर्शेनबाम, अ‍ॅनेलिस बॅरन आदींनी १९९८ पासून पुढे दाखवले की ही मळसूत्रे पाण्यात विलक्षण टिकाऊ असतात. ७५ अंश सेल्सियस तापमान आणि प्रथिनांच्या घड्या हमखास उलगडणारे तीव्र युरियाचे द्रावण या दोन्हींना ती पुरून उरली. कारण विचार केल्यास सोपे आहे. पाणी आणि युरिया हे हायड्रोजन बंध पळवणारे; ज्याच्याकडे तो बंधच नाही त्याचे काय पळवणार? मात्र पेप्टॉइडांच्या बंधांना दोन अवस्थांत उलटसुलट होण्याची खोड असते आणि योग्य शाखा नसल्या तर साखळीत दोन्ही अवस्थांची सरमिसळ होते. टिकाऊपणा मिळाला तो जाड शाखांच्या बंधनामुळे, आणि त्यामुळे हव्या त्या खुंट्या लावण्याची मुभा घटली.

घडी हवीच का?

आतापर्यंतच्या विवेचनावरून पाण्यात घट्ट घडी असणे म्हणजेच यश, असा समज होईल. तो पूर्णपणे बरोबर नाही. १९८७ मध्ये अमेरिकेतील मायकेल झॅसलॉफ यांनी आफ्रिकी बेडकांच्या त्वचेतून मॅगेनिन नावाची जंतुनाशक पेप्टाइडे शोधली. शस्त्रक्रियेनंतर साध्या टाकीच्या पाण्यात सोडलेल्या बेडकांच्या जखमा चिघळत नाहीत, हे त्यांच्या नजरेने टिपले होते. २३ कड्यांचे मॅगेनिन पाण्यात विस्कळीतच असते. जिवाणूच्या पेशीपटलाला चिकटल्यावर ते मळसूत्र होते, त्याची एक बाजू धनभारित व दुसरी तेलकट होते आणि पटल फाटते. गेलमन यांच्या गटाने २००० मध्ये बीटा पेप्टाइडांचे मळसूत्र मुद्दाम याच धर्तीवर रचले. ते जिवाणूंना मारत होते, आपल्या लाल रक्तपेशींना फारसे फोडत नव्हते. रचनेचा विजय म्हणून त्याचे स्वागत झाले.

पण २००७ मध्ये याच गटाने धनभारित आणि तेलकट बीटा कड्या कोणताही क्रम न ठरवता जोडून साखळ्या बनवल्या. त्यांना नियमित मळसूत्र बनवणे शक्य नव्हते, तरीही त्या जिवाणूंना मारत होत्या. म्हणजे या कामापुरती घडी आवश्यक नव्हती. लवचीक साखळी पटलावर जाऊन सोयीनुसार आपल्या दोन्ही प्रकारच्या शाखा वेगळ्या करून घेते. आपल्याच सुंदर कल्पनेला आपल्याच प्रयोगाने मर्यादा घालणारे असे काम विज्ञानात दिसते तितके सुलभ नसते. एखाद्या प्रथिनाच्या खाचेत नेमके बसायचे असेल तर घडी लागते; पेशीपटल फाडायचे असेल तर कदाचित लागत नाही. प्रत्येक ठिकाणी हा प्रश्न नव्याने तपासावा लागतो.

दुकानात पोहोचलेली एक कडी

संपूर्ण कृत्रिम कण्याचे बहुतांश काम अद्याप प्रयोगशाळांत आहे. औषधाच्या दुकानापर्यंत पोहोचला आहे तो याच विचाराचा एक माफक अवतार. अमिनो आयसोब्युटिरिक आम्ल, संक्षेपाने 'एआयबी', या अमिनो आम्लाच्या मधल्या कार्बनवर एकाऐवजी दोन मेथिल गट असतात. त्यामुळे रामचंद्रन आलेखावरील त्याचा प्रदेश आक्रसून मळसूत्राच्या आसपास उरतो, म्हणजे साखळीत ते जिथे बसवाल तिथे वळण येते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पी. बलराम यांनी अनेक दशके या आम्लाच्या साखळ्यांचा अभ्यास केला आणि अमेरिकेतील स्फटिकशास्त्रज्ञ इझाबेला कार्ल यांच्यासह त्यांच्या रचना उलगडल्या. त्यांपैकी १९८८ मधील एका स्फटिकात पाण्याचा रेणू मळसूत्राच्या कण्यातील एका बंधात घुसून बसलेला दिसला. ज्या घुसखोरीचे अनुमान क्लोट्झ यांच्या प्रयोगावरून निघते, ती येथे जणू रंगेहाथ पकडली गेली. बलराम यांनी पुढे बीटा आणि गॅमा अमिनो आम्ले मिसळलेल्या संकरित पेप्टाइडांवरही काम केले. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील जी. जे. संजयन आणि 'आयसर'मधील एच. एन. गोपी यांच्या गटांनी अशा संकरित साखळ्यांच्या निरनिराळ्या घड्या तयार केल्या आहेत.

मधुमेह आणि स्थूलतेवरील ज्या सेमाग्लुटाइडचा आज बोलबाला आहे, त्यात हेच एआयबी एका जागी बसवलेले आहे. सुरुवातीला उल्लेखिलेल्या जीएलपी-१ या संप्रेरकाला डीपीपी-४ नावाचा विकर दुसऱ्या कडीपाशी कापतो. तेथील अ‍ॅलॅनिनच्या जागी एआयबी आले की कात्री बिचकते. यासोबत साखळीला मेदाम्लाची एक लांब शेपटी जोडलेली असते, ती रक्तातील अल्ब्युमिनला धरून राहते. दोन मिनिटांत निम्मे होणारे संप्रेरक यामुळे सुमारे आठवडाभर टिकते. याची गोळीही निघाली, अमेरिकेत तिला २०१९ मध्ये मान्यता मिळाली. परंतु जठरातून शोषण व्हावे यासाठी तिच्यात एक साहाय्यक रसायन घालावे लागते आणि तरीही घेतलेल्या मात्रेचा जेमतेम एक टक्का किंवा त्याहून कमी भाग रक्तात पोहोचतो.

गेलमन यांच्या गटाने २०१४ मध्ये त्याच जीएलपी-१ च्या मळसूत्रात तीन-चार कड्यांमागे एक बीटा कडी घातली. बीटा कड्या मळसूत्राच्या एका बाजूला पट्ट्यासारख्या येतील आणि ग्राहीला चिकटणारी बाजू तशीच राहील, अशी ही योजना होती. ग्राहीने ही नक्कल स्वीकारली, विकरांना ती सहजी कापता आली नाही आणि उंदरांच्या रक्तातील साखर ती मूळ संप्रेरकापेक्षा अधिक काळ आटोक्यात ठेवत होती. पॅराथायरॉइड संप्रेरकाच्या बाबतीतही याच पद्धतीने त्याच वर्षी यश आले. सर्वच्या सर्व कणा बदलण्याचा मूळ हट्ट सोडून जिथे कात्री लागते तिथेच कडी बदलायची, पाण्यातील घडीला लागणाऱ्या कड्या निसर्गाच्याच ठेवायच्या, असा हा मार्ग आहे. पोटातून घेतलेली अशी साखळी आतड्याची भिंत ओलांडून पुरेशा प्रमाणात रक्तात कशी जाईल, ही अडचण मात्र कणा बदलून सुटत नाही. त्यासाठी साखळीला पाण्यातून बाहेर पडून तेलकट पटलातून जावे लागते, आणि तेथे तिला कदाचित आणखी एका वेगळ्याच घडीची गरज भासेल.